शनिवारचा घाणा आणि दहावा वाटा

१७६८ साली कोचीनच्या यहेज्केल राहबी या बड्या ज्यू व्यापाऱ्याने हॉलंडमधल्या टोबियास बोआस या आपल्या स्नेह्याला एक पत्र लिहिलं. राहबी डच कंपनीचा मातब्बर दलाल. मलबारचा मिरीचा व्यापार त्याच्या हातून जात असे. मराठ्यांच्या मुलखात आपले काही धर्मबांधव पसरलेले आहेत, असं त्याने या पत्रात कळवलं. त्यांच्याकडे तेलाचे घाणे आहेत, काही जण फौजेत आहेत, धर्मातलं त्यांना ‘शमा’ या एका प्रार्थनेपलीकडे काही येत नाही आणि शनिवारी ते काम करत नाहीत, एवढीच माहिती त्यात होती.

ही मंडळी म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, रोहे, अष्टमी, श्रीवर्धन अशा पट्ट्यात ती विखुरली होती. त्यांची आडनावं गावांवरून पडलेली : पेणकर, दिवेकर, नागावकर, किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपुरकर. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची मानली. अभ्यासकांमध्ये त्यावर एकमत नाही, आणि पुढच्या गोष्टीसाठी ते लागतही नाही.

आज नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेलं बेथ एल हे सिनेगॉग उभं आहे. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला सरळ ‘मशीद’ म्हणत. मुंबईची त्यांची पहिली मशीद १७९६ ची. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकर या सुभेदाराने ती बांधली. पनवेल हे खाडीवरचं बंदर, बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं ठाणं. आसपास खारी आणि गोडी भातखाचरं. या खाचरांच्या शेजारी राहून या लोकांनी किती शतकं भात खाल्ला, तीळ दळले, नारळ फोडले. मग ज्यू धर्मशास्त्रात शेतीचे जे डोंगराएवढे नियम आहेत, त्यांचं इथे काय झालं?

नियम खरोखरच डोंगराएवढे आहेत. इसवी सन २०० च्या सुमारास यहूदा हनासी यांनी ज्यूंचा तोंडी चालत आलेला कायदा ‘मिश्ना’ या नावाने संकलित केला. त्याच्या सहा भागांपैकी पहिलाच भाग बियाण्यांचा आहे. त्यात अकरा प्रकरणं असून पहिलं प्रार्थनांचं सोडलं तर बाकी सारी शेतातली आहेत. इस्राएलच्या उत्तरेकडच्या गालीलमधल्या एका शेतकऱ्याचं वर्ष त्यातून सहज उभं करता येतं. पेरताना दोन जातींचं बी मिसळायचं नाही. झाड लावलं तर पहिली तीन वर्षं त्याचं फळ तोंडात घालायचं नाही. कापणीच्या वेळी शेताचा एक कोपरा उभाच सोडायचा. तो किती, हे शास्त्राने ठरवलेलं नाही, पण साठाव्या हिश्शापेक्षा कमी नसावा असा संकेत. हातातून गळालेल्या लोंब्या आणि शेतात विसरलेली पेंढी परत उचलायची नाही. तो गरिबांचा सरवा.

धान्य खळ्यावरून उचललं की वाटणी सुरू होई. आधी याजकाचा वाटा : सढळ हाताचा माणूस चाळिसावा भाग देई, मध्यम माणूस पन्नासावा, चिक्कू साठावा. मिश्नाने माणसांची ही प्रतवारी अशी आकड्यांत करून ठेवली आहे. उरलेल्याचा दहावा भाग लेवी कुळाला, आणि लेवीने त्यातला दहावा परत याजकाला. मग दुसरा दशमांश. सात वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी तो यरुशलेमला नेऊन तिथेच खायचा. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तो गरिबांना द्यायचा. सातव्या वर्षी जमीनच पडीक ठेवायची आणि जे आपोआप उगवेल ते सगळ्यांचं. शिवाय पहिल्या फळांची टोपली मंदिरात न्यायची ती वेगळी. तिच्यापुढे बैल चाले, त्याची शिंगं सोन्याने मढवलेली, डोक्यावर ऑलिव्हच्या डहाळ्यांचा मुकुट, पुढे पावा वाजतोय. पोळा पाहिलेल्या माणसाला हे वर्णन वाचताना गालील फार लांब वाटत नाही.

सगळं धरून हिशेब केला तरी शेतकऱ्याच्या घरातून साधारण पाचवा हिस्सा जाई, आणि त्यातला बराचसा तो स्वतःच यरुशलेमात बसून खाई. कोकणातल्या कुळाला हा दर ऐकून हेवा वाटला असता. कुलाबा जिल्ह्यात खोत अर्धेलीने भाताचा निम्मा वाटा नेत असे, वर वेठ वेगळी. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, त्या याच वाट्यापायी. धर्माने सांगितलेली पडीक आणि खोताविरुद्धची पडीक यांत काही नातं नाही, हे उघड आहे. पण कोकणच्या मातीला सलग विश्रांती मिळाली ती संपामुळे, हेही खरंच.

बेने इस्राएलांनी मात्र दशमांश दिला नाही, आणि शास्त्राप्रमाणे तो द्यायचाही नव्हता. मिश्नात एक सूत्र आहे : जमिनीशी बांधलेली आज्ञा त्या जमिनीतच पाळायची. म्हणजे इस्राएलच्या भूमीत. दशमांश, सातव्या वर्षाची पडीक, कोपऱ्याचा सरवा हे सारं तिथलं. बाहेर येतात ते मोजके अपवाद : झाडाचं तीन वर्षांचं फळ आणि जातींची भेसळ, रब्बी एलिएझर यांच्या मते नवं धान्यही. वसंतातल्या ठरावीक दिवसाआधी नव्या हंगामाचं धान्य खायचं नाही, असा तो नियम.

हे अपवाद कोकणात फारसे आड येणारे नव्हते. माड फळाला येईपर्यंतच तीन वर्षांहून अधिक जातात. केळ शास्त्राच्या दृष्टीने झाडच नाही. दरवर्षी खोड मरतं, म्हणून तिला भाजीचा दर्जा, आणि तीन वर्षांचा नियम तिला लागत नाही. आंब्यावर आंब्याचं कलम बांधणं ही एकाच जातीची सोयरीक, तिला हरकत नाही. नव्या धान्याचा नियम गहू, जव अशा पाचच धान्यांना आहे आणि भात त्यांत येत नाही. शिवाय दशमांश घ्यायला कोणी नव्हतंच. या समाजात कोहेन म्हणजे याजक कुळ नाही, लेवीही नाहीत. सगळे नुसते ‘इस्राएल’. देणारा आणि घेणारा दोघंही नियमातून बाहेर.

शेतीतली एक आज्ञा मात्र जमिनीला बांधलेली नव्हती, आणि ती कोकणात रोजच्या रोज दिसत होती. ‘निर्गम’च्या तेविसाव्या अध्यायात सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमीन सोडा, असं सांगितलं आहे. लगेच पुढचं वाक्य म्हणतं, सहा दिवस काम करा, सातव्या दिवशी थांबा, म्हणजे तुमच्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल. जमिनीचा सब्बाथ आणि बैलाचा सब्बाथ एकाच दमात सांगितलेले. पहिला इस्राएलमध्येच राहिला, दुसरा बैलासोबत नवगावला उतरला. घाण्याचा बैल दिवसभर डोळ्यांवर झापड लावून गोल फिरतो. शुक्रवारी दिवस मावळला की या घरांतली झापडं निघत, आणि शनिवारी आख्ख्या आळीत घाणा करकरत नसे. तेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते पाठ झालं होतं. समाजाची ओळखही त्यावरूनच पडली. माणूस शनिवारी मनात काय म्हणतो ते शेजाऱ्याला दिसत नाही, उभा राहिलेला घाणा सगळ्या गावाला दिसतो.

मला यात एक गोष्ट विशेष वाटते. राहबीच्या घराण्यातल्याच कोणा दाविद राहबीने या लोकांना ज्यू म्हणून ओळखलं, अशी कथा समाजात आहे. त्याने बायकांना मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला काढली. परीक्षा झाली ती चुलीपाशी, आणि उत्तीर्ण झाल्या त्या बायका. ग्रंथ हरवलेल्या समाजाचा धर्म पाटा-वरवंटा आणि टोपलीतून टिकला, असं ही कथा सांगते. तिच्या काळाविषयी वाद आहेत, पण आशय खोटा वाटत नाही.

आता भाताकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे. मिश्नाला भात ठाऊक होता. सातव्या वर्षाच्या प्रकरणात एक नियम चार पिकांना मिळून सांगितला आहे : भात, नाचणी-बाजरीसारखं भरड धान्य, खसखस आणि तीळ. नव्या वर्षाच्या आधी त्यांनी मूळ धरलं असेल, तर त्यांचा दशमांश मागच्या वर्षाच्या हिशेबात धरायचा. भात आणि तीळ एका ओळीत! कोकणच्या शनवार तेल्याचं जेवण आणि धंदा गालीलच्या पंडितांनी जणू आधीच एकत्र लिहून ठेवला होता.

पण भात पिकवणं वेगळं आणि भाकरी भाजणं वेगळं. कणकेतून याजकासाठी गोळा काढून ठेवण्याची जी आज्ञा आहे, ती पाच धान्यांच्या पिठाला : गहू, जव आणि त्यांचे तीन भाऊबंद. तांदळाच्या पिठाला ती लागत नाही. वल्हांडणाच्या म्हणजे पेसाहच्या आठ दिवसांत आंबलेलं धान्य घरात चालत नाही. तिथेही ताल्मुद या मिश्नावरच्या विवेचनग्रंथाचा निवाडा असा, की तांदूळ आंबत नाही, तो नुसता नासतो. योहानान बेन नूरी नावाच्या एका पंडिताने विरोध केला होता, तांदूळही धान्यच आहे असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं मत मान्य झालं नाही. झालं असतं तर कोकणात आठ दिवस चूल अडचणीत आली असती. युरोपातल्या बऱ्याच ज्यूंनी पुढे मध्ययुगात पेसाहला तांदूळ वर्ज्य केला, पण बेने इस्राएलांच्या घरी त्या दिवसांत तांदळाची भाकरी बिनघोर भाजली गेली. त्या सणाला ते ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनस हे आंबट रसाचं मडकं, ते आठ दिवस झाकून ठेवायचं. यीस्ट, पाव, बिअर यांच्याशी संबंध नसलेल्या घरात आंबणारी वस्तू कोणती? कालवणात घालायचा आंबट रस. तोच बंद केला. शास्त्राचा अर्थ त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात शोधला आणि तो चुकला असं म्हणवत नाही.

दूध आणि मांस एकत्र करायचं नाही, याही नियमाला कोकणाने हात दिला. मटणाच्या कालवणात नारळाचा रस, गोडात नारळाचा रस. गव्हाच्या चिकाच्या हलव्यातसुद्धा तोच. द्राक्षं नाहीत म्हणून शुक्रवारच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावरच्या प्रार्थनेला, वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेलं सरबत. खजूर अरबांच्या गलबतांतून येई, त्याचा शिरा पेसाहच्या ताटात. मंदिराच्या नाशाच्या उपासाला इथे नाव पडलं ‘बिरड्याचा सण’. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर येणारे कडवे वाल, त्यांना मोड आणून सोलून केलेलं बिरडं त्या निमित्ताने केळीच्या पानावर वाढायचं. यरुशलेमच्या मंदिराचं दुःख पनवेल-पेणच्या वालांनी व्यक्त करायचं, हे कोणा धर्मपंडिताने सुचवलेलं नाही.

केहिमकरांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात हे सण एकेक करून नोंदले आहेत (पुस्तक छापून निघालं १९३७ मध्ये, तेल अवीवला). त्यांत ‘खिरीचा सण’ आहे. ज्यू वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, नव्या वर्षानंतर लगेच, तिश्री महिन्याच्या चतुर्थीला नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर करायची. ऊद जाळायचा, शमा म्हणायची आणि मग खीर खायची. भाद्रपदात किंवा आश्विनात हा दिवस येतो, आणि त्याच सुमाराला रायगडात हळवा भात पिकतो. गरव्या भाताला अजून वेळ असतो. शेजारचा कुणबी आणि आगरी याच दिवसांत नव्या भाताची लोंबी दाराला बांधतो आणि नव्याच्या पौर्णिमेला नवान्न जेवतो. त्याच पौर्णिमेच्या आसपास ज्यूंचा मांडवांचा सण सुक्कोथ येतो. तो मूळचा सुगीचा सण, पण बेने इस्राएलांच्या जुन्या सणांत तो नाही. त्याची जागा खिरीने घेतली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. ताडाच्या झावळ्यांचा उघड्या छताचा मांडव घालून त्यात आठवडाभर जेवायचं, हे परतीच्या पावसात कोकणात कोणाला सुचेल?

सगळ्यात गमतीचा प्रवास मात्र शेवात महिन्याच्या पौर्णिमेचा आहे. मिश्नात ही तिथी झाडांचं नवं वर्ष म्हणून येते. शम्माई संप्रदायाने महिन्याची पहिली तिथी धरली, हिल्लेल संप्रदायाने पंधरावी, आणि हिल्लेलचं चाललं. या तिथीचा मूळ हेतू निव्वळ हिशेबी आहे : या दिवसाआधी धरलेलं फळ मागच्या वर्षाच्या दशमांशात, नंतरचं पुढच्या. सरकारी वर्षाच्या ३१ मार्चसारखी ती एक रेघ. जिथे दशमांशच नाही त्या कोकणात या रेघेला काही अर्थ उरायला नको होता. उलट झालं. पौष-माघाच्या त्या पौर्णिमेला बेने इस्राएलांची मोठी जत्रा ठरली, ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’. अलिबागजवळ खंडाळ्याच्या एका खडकावर खूण आहे. एलियाहू संदेष्टा तिथे उतरला आणि आपल्या रथासह पुन्हा आकाशात गेला, त्याची ती खूण, अशी श्रद्धा. तिथे आणि घरोघरी मलिदा होतो : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती पाच तऱ्हेची फळं आणि सुवासिक पानं. झाडाच्या फळाला एक बेराखा म्हणजे आशीर्वचन, जमिनीच्या फळाला दुसरी, सुगंधाला तिसरी. लग्नाआधी, मुलाच्या जन्मानंतर, नवस फेडताना, नव्या घरात, सगळीकडे हाच मलिदा.

केहिमकरांना या ताटात यरुशलेमच्या मंदिरातलं अर्पण दिसलं. शब्द आणि आकार शेजारच्या मुसलमानी पिराच्या मलिद्याशी जुळतात, हेही नाकारता येत नाही. मला वाटतं दोन्हीपैकी एक निवडायची घाई करू नये. पण एक साम्य ठळक आहे. पहिल्या फळांच्या टोपलीत गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर एवढेच सात जिन्नस चालत. श्रीमंत सोन्या-चांदीच्या टोपल्या आणत, गरीब वेताच्या. याजकाने श्रीमंताची टोपली परत द्यायची, गरिबाची ठेवून घ्यायची, असा विचित्र नियम. कोकणात या सातांपैकी फार थोडं पिकतं. म्हणून इथल्या ताटात केळं आलं, नारळ आला, पोहे आले. याजक नव्हता, तर ताट प्रार्थनेनंतर जमलेल्या सगळ्यांत वाटलं गेलं.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आले. कोचीनहून शिक्षक आले. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता, बेने इस्राएलांनी हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ एझेकिएल राजपुरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची पोथी निघाली, तिच्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमिरी भाकरी लाटताना दिसतात. शिकून मुंबईत नोकरीला गेलेल्या पिढीने घाणा सोडला, आणि सणांची नावं हळूहळू हिब्रू झाली. मलिदा तेवढा जसाच्या तसा राहिला.

पनवेलच्या आसपासची शेतीही मग राहिली नाही. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबई या नव्या शहरासाठी लागली. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पाच शेतकरी गोळीबारात गेले आणि त्या लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. इथल्या मुलखात ‘वाटा’ म्हटलं की आता तेच साडेबारा टक्के आठवतात. उलवे, कोंबडभुजे, तरघर धरून दहा गावांच्या जागेवर विमानतळ झाला. डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. बेने इस्राएलांपैकी बहुतेक या शहराआधीच निघून गेले होते. १९४८ नंतर ते इस्राएलला जाऊ लागले आणि दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद, रामला अशा गावांत वसले.

आणि तिथे पाऊल ठेवताच शेताचा सगळा कायदा त्यांना लागू झाला. शेती त्यांच्यापैकी फार थोड्यांनी केली. ते कारखान्यांत गेले, पण भाजी तर घ्यायचीच होती. तिथल्या घाऊक बाजारात रब्बींच्या देखरेखीखाली दशमांश काढला जातो आणि दुकानात तसा दाखला लावलेला असतो. दाखला नसेल, घरच्या अंगणातलं लिंबू असेल, तर घरातच विधी करायचा : एक टक्क्याहून किंचित जास्त भाग काढून, गुंडाळून टाकून द्यायचा, कारण शुद्ध अवस्थेतला याजक आज कोणी नाही. लेवीचा वाटा शब्दाने नेमायचा, दुसरा दशमांश एका नाण्यावर सोडवून घ्यायचा. सातव्या वर्षी जमीन नावापुरती बिगरज्यू माणसाला विकून शेती चालू ठेवण्याची तोड १८८९ पासून तिथे वापरात आहे. कुळकायदा आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. कडव्या मंडळींना ती आजही मान्य नाही.

ही मंडळी तिथे वसत असताना, १९६० नंतरच्या काही वर्षांत, तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांना अडवून वंशाची चौकशी मागितली. निदर्शनं झाली आणि १९६४ मध्ये इस्राएली संसदेला हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव करावा लागला. माणसांबद्दल शंका घेणाऱ्या त्या व्यवस्थेने त्यांच्या पिशवीतल्या वांग्या-टोमॅटोचा दशमांश मात्र पहिल्या दिवसापासून बिनतक्रार काढला.

मलिदा तिथेही होतो. हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे, तिथे मराठी बोलणाऱ्या बायका ताटं घेऊन जातात. ताटातले पोहे आणि खोबरं भारतातून आयात केलेलं, म्हणजे परदेशी पिकलेलं, त्याला दशमांश नाही. शेजारचं डाळिंब, सफरचंद आणि खजूर तिथल्या मातीतले, त्यांचा वाटा आधी काढलेला असावा लागतो. शेवातच्या पौर्णिमेआधी धरलेलं फळ मागच्या वर्षाच्या हिशेबात जातं, नंतरचं पुढच्या. सातव्या वर्षाचा नियम आणखी वेगळा. तशी पुढची पडीक २०२८-२९ मध्ये येते.